इन्सुलिन आणि ताटाची वेळ जुळवली

वॉर्डात इन्सुलिन बाराला, जेवण कधी साडेबाराला, कधी सव्वाला. दुपारी पेशंटची साखर उतरायची ती डोसमुळे नव्हे, या अंतरामुळे. रेग्युलर इन्सुलिननंतर (जेवणाआधी देतात ते) अर्ध्या तासात घास पोटात जायलाच हवा. म्हणून घड्याळ सोडलं: ताट यायच्या अर्धा तास आधी स्वयंपाकघरातून वॉर्डात फोन, मग ग्लुकोमीटर, लगेच इंजेक्शन. दोन्ही कामं एकाच सिस्टरकडे. ती दोघींत वाटली की सकाळचा आकडा पाहून डोस जातो.

सोनोग्राफीला किंवा डायलिसिसला गेलेल्या पेशंटचा जेवणाचा डोस तो परतून ताट समोर येईपर्यंत थांबवायचा. खरी चूक इथेच होते. बेसल इन्सुलिन (जेवणाशी न जोडलेलं, दिवसभर हळूहळू काम करणारं) मात्र ठरल्या वेळीच.

साखरेचा आकडा ७० (mg/dL) च्या खाली आला, पेशंट शुद्धीत असला, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. डोसचं डॉक्टरांना विचारूनच. ग्लुकोजचा डबा आणि चमचा इंजेक्शनच्या ट्रेमध्येच ठेवला.