स्क्रीन मिररिंग अडकतंय? या चुका टाळा

मिररिंग म्हणजे मोबाइलची स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर दाखवणं. त्यात चित्र अडकायला लागलं की लोक केबलवाल्याला फोन करून 100 एमबीपीएसचा प्लॅन 300चा करून घेतात. मोबाइलमधले फोटो मिररिंगने टीव्हीवर दाखवताना ते घराबाहेर जातच नाहीत, मग प्लॅन वाढवून काय होणार? मिररिंगच्या पद्धती तीन: गूगलचं क्रोमकास्ट, ॲपलचं एअरप्ले आणि मिराकास्ट. क्रोमकास्ट, एअरप्ले घरच्या राउटरवरून चालतात. मिराकास्टला तर राउटरही लागत नाही, मोबाइल थेट टीव्हीला जोडला जातो.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: रीसेट. शेजारच्या काकांकडे लग्नाचे फोटो बघायला पाहुणे जमलेले आणि मोबाइलमध्ये टीव्हीचं नावच दिसेना. कारण साधं होतं. फायबरवाल्याच्या डब्याचं एक वाय-फाय, मुलाने आणलेल्या राउटरचं दुसरं. टीव्ही एकावर, मोबाइल दुसऱ्यावर. तेवढं बघण्याइतका धीर कोणाला? भाच्याने सिमची पिन घेतली आणि डब्याच्या रीसेटच्या भोकात दाबून धरली. पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीशी जोडणाऱ्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड उडालं, अख्ख्या घराचं नेट गेलं. त्यात रविवार, केबलवाला फोन उचलेना. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून चालू करणं, रीसेट म्हणजे सगळं पुसून टाकणं, हे सांगून सांगून मी थकलो. मी तर युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवतो, मगच सेटिंगला हात लावतो. काकांचा दुसरा राउटर नंतर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच वाय-फाय पुढे देतो; दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आली.

आता बँड, म्हणजे वाय-फायची फ्रिक्वेन्सी: 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झ. टीव्ही आणि मोबाइल दोन्ही 5 गिगाहर्ट्झवर घ्या. 2.4 वर बिल्डिंगभरचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळेच गर्दी करतात. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर मोबाइल मनाला येईल तिकडे जातो. मी नावं वेगळीच ठेवतो. 2.4 वरच राहावं लागलं तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (बँडमधली लेन) 1, 6 किंवा 11 आणि चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. 40 करून वेग वाढवायचा शॉर्टकट फ्लॅटमध्ये उलटतो.

गेस्ट वाय-फायवर मिररिंग करू नका, त्यात उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. एपी आयसोलेशन, म्हणजे उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं राउटरचं सेटिंग, तेही बंद हवं.

राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका.

स्वस्तातला रिपीटर (वाय-फाय लांबवर पोचवणारा डबा) घेण्याआधी टीव्हीला लॅन केबल लावून बघा. बऱ्याच टीव्हींचा पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो, पण क्रोमकास्ट-एअरप्लेला तेवढा पुरतो. मिराकास्टला मात्र या केबलचा उपयोग नाही.