नोकरी करता करता पदव्युत्तर शिक्षण: पैशाची तजवीज

वयाने मोठ्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसा शोधताना शिष्यवृत्त्यांच्या याद्या चाळण्याआधी स्वतःच्या कार्यालयात चौकशी करावी, कारण कामाशी संबंधित अभ्यासक्रमाचे शुल्क पूर्णतः वा अंशतः भरण्याची तरतूद अनेक आस्थापनांच्या नियमांत असते आणि विचारल्याशिवाय ती सहसा कोणी सांगत नाही. अर्जात शिकण्याची हौस मांडण्यापेक्षा कोणत्या विषयामुळे विभागाचे कोणते काम सुकर होईल, हे नेमके लिहावे. मंजुरीबरोबर येणारा करार मात्र बारकाईने वाचावा: पदवीनंतर किती काळ नोकरी सोडता येणार नाही, आणि सोडल्यास सगळी रक्कम परत करावी लागेल की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे कलम सर्वांत महत्त्वाचे. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत वयोमर्यादा आधी पाहावी, म्हणजे निष्फळ खटाटोप टळतो. विद्यापीठात साहाय्यकाचे काम किंवा हप्त्यांनी शुल्क भरण्याची सोय आहे का, तेही विचारावे. अर्धवेळ प्रवेशाने पगार चालू राहतो खरा. परंतु काही अर्थसाहाय्य केवळ पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच मिळत असल्याने प्रवेशाचा प्रकार ठरवण्यापूर्वीच ते तपासलेले बरे. कर्ज सर्वांत शेवटी काढावे, आणि तेही निवृत्तीच्या बरेच आधी फिटेल एवढेच.