जुने मूक विनोदी लघुपट घरी दाखवताना: आधी वेग सुधारा

चॅप्लिन-कीटन सगळ्यांनी पाहिलेले असतात. चार्ली चेज, मॅक्स डेव्हिडसन, चार्ली बॉवर्स मात्र बहुतेकांना नवे. सुरुवात डेव्हिडसनच्या 'पास द ग्रेव्ही'ने (1928) करा. शेजाऱ्याचा बक्षीस मिळवलेला कोंबडा चुकून शिजतो, तंगडीवर 'पहिलं बक्षीस'ची पट्टी तशीच राहते आणि घरचे भर पंगतीत बापाला खाणाखुणांनी ते सांगू पाहतात. सगळी गंमत नजरेत आहे. चित्रपट भरभर पळाला की नजरच दिसत नाही.

'जुने चित्रपट असेच पळतात' हे साफ चूक. कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला 16 ते 22 चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) घेत. त्याच चौकटी 24 च्या वेगाने दाखवल्या की माणसं बाहुल्यांसारखी उडतात.

व्हीएलसी या संगणकावरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये एखाद्याच्या चालण्यावर चित्र थांबवा आणि 'ई' दाबत एकेक चौकट पुढे न्या. एका सेकंदात वेगळी चित्रं किती, ते मोजा. पुन्हा आलेली चौकट धरू नका. 18 ते 22 भरली तर वेग आधीच सुधारलेला आहे, हात लावू नका. 24 भरली तरच शंका घ्या. मूळ चित्रण 20 चं असेल तर प्लेअरचा वेग 0.83 पट, 22 चं असेल तर 0.92 ठेवा. 1914 च्या आसपासच्या चित्रपटांना जास्त कमी करावा लागतो, 1926 नंतरच्यांना अगदी थोडा किंवा मुळीच नाही.

पाठलागाच्या दृश्यावरून वेग कधीही ठरवू नका. तिथे हँडल मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर धावपळ वाढते. ओतलं जाणारं पाणी, खुर्चीत बसणारा माणूस, पत्र उघडणारा हात बघा. हालचाल रोजच्यापेक्षा किंचित चपळ दिसली की थांबा. त्याखाली गेलात तर विनोदाचा ठेका मोडतो, आणि ही चूक जास्त वाईट, कारण लोक हसायचेच थांबतात.

फायलीला चिकटवलेलं भलतंच पियानोसंगीत बंद करा. मुलं असतील तर दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या मराठीत मोठ्याने वाचा, त्यासाठी चित्र थांबवायला हरकत नाही.

एका बैठकीला तीन लघुपट पुरे. मधे चेजचा 'मायटी लाइक अ मूस' (1926) लावा: नवरा दात आणि बायको नाक गुपचूप दुरुस्त करून घेतात, मग एकमेकांना ओळखतच नाहीत. बॉवर्सचा 'नाऊ यू टेल वन' (1926) शेवटी ठेवा. झाडाला मांजरं लागलेली पाहिल्यावर पुढचा लघुपट फिकाच पडतो.