ऑसिलोस्कोपवरचा (व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) डेटा आणि सेटिंग्ज पेनड्राइव्हवर सेव्ह कशा करायच्या, आणि १२०० पॉइंटचा घोळ

पेनड्राइव्ह लहान घ्या, ८ किंवा १६ जीबीचा, आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर बरेचसे स्कोप तो ओळखतच नाहीत. स्कोपचं घड्याळ एकदा बघून घ्या, नाहीतर सगळ्या फायलींवर भलतीच तारीख पडते. एवढी तयारी बास.

स्क्रीनशॉट सोपा आहे, बटण दाबा, पीएनजी निवडा, झालं. पण स्क्रीनशॉट म्हणजे डेटा नव्हे! फोटोवरून व्होल्टेज मोजत बसणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

आता खरी गोम. सेव्ह मेन्यूत सीएसव्ही (एका ओळीत एक पॉइंट अशी आकड्यांची साधी फाइल) निवडलं की बऱ्याच स्कोपमध्ये खाली अजून एक ऑप्शन असतो, स्क्रीन (म्हणजे फक्त स्क्रीनवर काढलेले थोडे पॉइंट) की मेमरी (म्हणजे स्कोपने घेतलेले सगळे पॉइंट), आणि तो बहुतेक वेळा गुपचूप स्क्रीनवरच असतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एक ग्लिच, म्हणजे सिग्नलमधला क्षणभराचा नको असलेला झटका, दिवसभर पाठलाग करून शेवटी संध्याकाळी पकडला, सीएसव्ही सेव्ह केली, खुशीत स्कोप बंद केला, आणि लॅपटॉपवर फाइल उघडली तर आत फक्त १२०० ओळी. ग्लिचचा पत्ता नाही, आणि स्कोप बंद केल्यामुळे मेमरीतलं कॅप्चरही गेलेलं.

हिशोब करून बघा म्हणजे कळेल. टाइमबेस १ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन (म्हणजे स्क्रीनवरच्या एका आडव्या चौकोनात १ मिलिसेकंद), आडवी १२ डिव्हिजन, म्हणजे पूर्ण स्क्रीन १२ मिलिसेकंदांची. त्यात १२०० पॉइंट म्हणजे दर १० मायक्रोसेकंदांना एक. माझा ग्लिच होता २०० नॅनोसेकंदांचा, तो दोन पॉइंटच्या मधेच कुठेतरी विरून गेला. १ मेगाहर्ट्झचा एसपीआय (चिपांमधला डेटा पाठवायची एक पद्धत) क्लॉक असा सेव्ह केलात तर एका पॉइंटमागे १० क्लॉक निघून जातात, मग त्यातून काय डिकोड करणार, कप्पाळ? तेच १ कोटी २० लाख पॉइंटची पूर्ण मेमरी सेव्ह केली असती तर दर १ नॅनोसेकंदाला एक पॉइंट मिळाला असता.

म्हणून क्रम असाच ठेवा. मेमरी डेप्थ, म्हणजे एका कॅप्चरमध्ये किती पॉइंट साठवायचे ते, कॅप्चरच्या आधी सेट करा, नंतर वाढवून काही उपयोग नाही, जे सॅम्पल घेतलेच नाहीत ते येणार कुठून. मग सिंगलचं बटण दाबून ट्रिगरची (कॅप्चर सुरू करणाऱ्या, तुम्ही ठरवलेल्या घटनेची) वाट बघा, ट्रिगर झाला की स्कोप आपणच थांबतो. स्क्रीनवरचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती पॉइंट घेतले) वाचा, कागदावर लिहा. मग सेव्ह मेन्यूत जाऊन मेमरी निवडा. स्कोप चालू असेल तर काही मॉडेलमध्ये मेमरीचा ऑप्शन दिसतच नाही, आणि लोक म्हणतात आमच्या स्कोपमध्ये हे नाहीच, अहो आधी स्टॉप तर करा! आणि सेव्ह होईपर्यंत रनला हात लावायचा नाही, रन दाबलं की जुनं कॅप्चर गेलं.

सीएसव्ही की बायनरी? एका ओळीला वीसेक अक्षरं धरली तर १ कोटी २० लाख ओळींची सीएसव्ही २४० एमबीच्या आसपास जाते, आणि ती लिहायला स्कोप इतका वेळ लावतो की लोकांना वाटतं हँग झाला आणि ते पेनड्राइव्ह उपटतात. उपटू नका, "सेव्ह झालं" असा मेसेज येईपर्यंत थांबा. ८ बिटचा तोच डेटा बायनरीत जेमतेम १२ एमबी होतो. पायथॉन येत असेल तर बायनरीच घ्या, माझं मत ठाम आहे. सीएसव्हीच हवी असेल तर एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढचं दिसणारच नाही हे ध्यानात ठेवा. आणि एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडून परत सेव्ह तर अजिबात करू नका, ते सेलमध्ये दिसतो तसा गोल केलेला आकडाच फाइलमध्ये लिहितं आणि टाइमच्या कॉलमची वाट लागते. मूळ फाइल रीड-ओन्ली करून ठेवा, काम कॉपीवर.

सेटिंग्जची फाइल वेगळी असते, सेटअप नावाने, दोन बटणांत सेव्ह होते. त्यात व्होल्ट प्रति डिव्हिजन, टाइमबेस, ट्रिगर, कपलिंग सगळं येतं, वेव्हफॉर्म येत नाही. सेव्ह केल्यावर एकदा डिफॉल्ट दाबून फाइल परत लोड करून बघा, मगच भरवसा ठेवा. पण डेटा आधी सेव्ह झालेला असू दे हां, डिफॉल्टने स्क्रीनवरचं सगळं जातं. दुसऱ्याची सेटअप फाइल लोड केली तर त्याची घाणही सोबत येते, मी एकदा अर्धा दिवस सर्किटची राइज टाइम (सिग्नल खालून वर चढायला लागणारा वेळ) १७ नॅनोसेकंदांच्या खाली का येत नाही म्हणून डोकं फोडत होतो, आणि फाइलमधून २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट (त्याहून वेगवान बदल दाबून टाकणारा फिल्टर) चालू होऊन आली होती. दुसऱ्या मॉडेलची फाइल तर बहुतेक वेळा लोडच होत नाही.

आणि प्रोबवरचा (सर्किटला लावायच्या वायरवरचा) १एक्स-१०एक्सचा छोटा स्विच, जो १०एक्सवर सिग्नल दहापट कमी करतो, तो कुठल्याच फाइलमध्ये येत नाही. स्कोपमध्ये १०एक्स आणि प्रोब १एक्सवर असेल तर सगळी व्होल्टेज दहापट सेव्ह होतात. मी ते फाइलच्या नावातच टाकतो, आणि वेव्हफॉर्म, सेटअप, स्क्रीनशॉट तिन्हींना एकच नाव देतो.