लाटांवर चालणारी होडी: पहिलं मॉडेल बांधण्याआधी

लाटांच्या ऊर्जेवर चालणारं जहाज म्हटलं की नवखा विद्यार्थी आधी जनरेटरकडे वळतो. लाटेतून वीज, विजेवर मोटर, मोटरवर पंखा. यात प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते. सुरुवात होडीखालच्या आडव्या पंखांपासून करा, त्यात वीज लागतच नाही. 2008 साली जपानी दर्यावर्दी केनिची होरिए यांनी 'सन्टोरी मर्मेड 2' ही साडेनऊ मीटरची होडी होनोलुलूहून जपानला नेली, ती होडीच्या पुढच्या टोकाखालच्या अशाच दोन पंखांच्या जोरावर.

पंखाची बिजागरी पुढच्या कडेजवळ हवी. होडी लाटेबरोबर वर उचलली गेली की पाणी पंखाला वरून दाबतं, मागची कड खाली झुकते आणि जोराचा काही भाग पुढे लागतो. होडी खाली येताना हेच उलट घडतं, पण जोर पुन्हा पुढेच.

सगळी मेख पंखाला मूळ जागी परत ओढणाऱ्या स्प्रिंगमध्ये आहे. समजा, लाट 1 मीटर उंच, आवर्तनकाळ (एका लाटेपासून दुसरीपर्यंतचा वेळ) 6 सेकंद आणि होडीही तेवढीच वरखाली होते. तिचा वरखाली वेग जास्तीत जास्त 0.52 मीटर प्रति सेकंद. पुढचा वेग 0.8 असेल तर पाणी पंखावर 33 अंशांनी येतं. पंख साधारण 20 अंश वळला तर 13 अंश उरतात, ते ठीक. स्प्रिंग कडक असेल तर पंख वळत नाही, प्रवाह पाठीवरून सुटतो आणि होडी जागच्या जागी डोलते. फार सैल असेल तर पंख पाण्याबरोबर नुसता लवतो, जोर मिळत नाही.

दुसरी रचना वेव्ह ग्लायडरची: वर तरंगता भाग, खाली केबलला टांगलेले पंख. 'पापा मौ' नावाचा असा मानवरहित ग्लायडर सॅन फ्रान्सिस्कोहून निघून 2012 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाला पोचला, प्रवास सुमारे 9,000 सागरी मैलांचा. इथे केबलची लांबी का महत्त्वाची, ते बघा. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे 1.56 गुणिले आवर्तनकाळाचा वर्ग. 6 सेकंदांची लाट 56 मीटरची. 7 मीटर खोलीवर पाण्याची हालचाल पृष्ठभागाच्या 46 टक्के उरते. 10 सेकंदांच्या लाटेत मात्र 75 टक्के. म्हणजे लांब लाटेत वरच्या आणि खालच्या हालचालीतला फरक घटतो, आणि पंख चालतात ते या फरकावरच. नुसती उंची बघून वेगाचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात.

1:10 मॉडेलला, म्हणजे खऱ्या होडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलला, लाट 10 सेंटिमीटर आणि आवर्तनकाळ 1.9 सेकंद ठेवा. मात्र सगळे जोर हजारपट घटतात, त्यामुळे बिजागरीचं घर्षण एकटंच प्रयोग बुडवू शकतं. स्प्रिंग काढून पंख बादलीत बुडवा: तो वर उचलला जाऊ नये, खाली लोंबू नये, बोटाच्या हलक्या धक्क्यानं फिरावा. पंखाच्या टोकाला रंगाची रेघ मारून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये कोन मोजा. आणि फक्त समोरच्या लाटेत चाचणी करून थांबू नका. लाट मागून आली की होडी तिच्यापुढे पळत असते, लाटा उशिरा भेटतात आणि जोर कमी पडतो.

खऱ्या समुद्रात पंखांवर शेवाळ आणि बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) चढतात, ग्लायडर मंदावतो. केबलला पीळ बसतो, तुटक्या जाळ्याचा धागा बिजागरीत अडकतो. वेग एखाद-दोन नॉटचाच (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), म्हणून मार्ग आखताना आधी प्रवाहांचा नकाशा उघडा: दोन नॉटच्या उलट्या प्रवाहात ग्लायडर जागीच अडकतो किंवा मागे जातो.

शिक्षणासाठी नेव्हल आर्किटेक्चर किंवा ओशन इंजिनिअरिंग घ्या. आयआयटी मद्रास, आयआयटी खरगपूर आणि कोचीन विद्यापीठात हे विषय आहेत.