सहाव्या मिनिटाची घंटा

वक्तृत्व स्पर्धेसाठी संदर्भ कोठे शोधावेत हे नव्या स्पर्धकाला सांगण्याची गरज नाही. ग्रंथालयात चार दिवस बसले की ते आपोआप कळते. माझ्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ज्या चुकीने मला बुडवले, ती मात्र कोणी सांगितली नव्हती, आणि ती आठवली की अजूनही कान तापतात.

विषय होता खेड्यांचे भवितव्य. माझे गाव यावल तालुक्यातले, म्हणून मी १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनापासून सुरुवात केली. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन, अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू, नंदलाल बोस यांची सजावट, हे सगळे रंगवून मग खोल गेलेल्या विहिरी आणि ठिबकवर तगणारी आमची केळी यांकडे वळायचे, असा बेत होता. वेळ सात मिनिटांची होती. वसतिगृहाच्या खोलीत मनातल्या मनात वाचले तेव्हा भाषण साडेसहा मिनिटांत संपत होते. मंचावर सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा वाजली तेव्हा मी अजून नेहरूंपाशीच होते. केळीपर्यंत पोहोचलेच नाही.

मनात वाचताना डोळा ओळींवरून धावतो. बोलताना श्वास घ्यावा लागतो, एखादा शब्द पोहोचावा म्हणून थांबावे लागते, सभागृहात खुर्ची सरकली तरी लय मोडते. नंतर मोजले तेव्हा माझा वेग मिनिटाला ११० शब्द भरला, म्हणजे सात मिनिटांत ७७०, आणि वहीत होते १०५०. म्हणून उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावूनच वेळ मोजा आणि साडेसहाशे शब्दांवर हात आखडा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे तुमच्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही ते पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. अधिवेशन त्यानंतर आले तरी चालते, आणि घंटेपायी गाळावे लागले तरी फारसे बिघडत नाही.

वरच्या वर्गातल्या विजेत्यांकडून शेर आणि सुविचारांची वही मागून आणणाऱ्यांविषयी माझे मत कडवट आहे. तोच शेर परीक्षकांनी सकाळपासून चार वेळा ऐकलेला असतो. भाषण लिहून देणारे मार्गदर्शक तर दूरच ठेवावेत. खरा मार्गदर्शक तुमचा कागद घेऊन त्यातली अर्धी वाक्ये खोडतो.

उच्चारांची धास्ती मात्र घेऊ नका. आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, आणि मी तो ळ घोटण्यात आठवडा घालवला. प्रमाण मराठी सरावाने येते, आणि आईचे एखादे वाक्य तिच्याच बोलीत म्हटले तर सभागृह कान देते.

दुसऱ्या स्पर्धेआधी खोलीतल्या मैत्रिणीला मी एकच काम दिले होते: घड्याळ मला दिसू न देता सहावे मिनिट भरताच स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. पहिले तीन दिवस त्या आवाजासरशी मी पुढचे वाक्य विसरले. चौथ्या दिवशी विसरले नाही.