चॅटबॉटकडून माहितीचा अर्ज लिहून घ्यायच्या आधी

मोबाइल उघडण्याआधी एक कोरा कागद समोर घ्या. आमच्या वाचनालयात दर शनिवारी आम्ही चार-पाच जण माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला बसतो. हल्ली येणारा जवळजवळ प्रत्येक जण चॅटजीपीटी किंवा जेमिनायने लिहून दिलेला अर्ज सोबत आणतो. मला त्याचा आनंदच आहे. ज्यांना सरकारी भाषेची धास्ती वाटायची ती माणसंही आता स्वतःहून अर्ज करायला लागली आहेत. पण त्यातले बरेच अर्ज पुन्हा लिहावे लागतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: तयारी न करता थेट विचारायला बसणं.

कागदावर आधी घटना लिहा. कुठली गल्ली, कुठून कुठपर्यंतचा रस्ता, काम साधारण कोणत्या महिन्यात झालं, ते महापालिकेचं होतं की सार्वजनिक बांधकाम विभागाचं. शेवटची गोष्ट ठाऊक नसेल तर उठून जाऊन विचारून या, कारण चॅटबॉटला ती कळायला मार्ग नाही आणि तरीही तो काहीतरी धरून चालतो. मग खाली एक रेघ मारून लिहा: या कामाचे कोणते कागद कार्यालयात असणार? सगळं यावर ठरतं. ‘रस्त्याला तीन महिन्यांत खड्डे का पडले?’ असं विचारलंत तर चॅटबॉट पानभर कळकळीची तक्रार लिहून देईल, आणि जन माहिती अधिकारी, म्हणजे कार्यालयातला माहिती देणारा अधिकारी, तितक्याच सहजपणे कळवेल की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कायद्याने मिळते ती नोंदीवर असलेली माहिती. तेव्हा मागायचा तो कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा ठेकेदाराला दिलेला आदेश), मोजमाप पुस्तिकेतल्या त्या कामाच्या नोंदी, अंतिम देयक म्हणजे शेवटचं बिल, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दाखवणारा कागद. ही चार नावं कागदावर असली की अर्धा अर्ज झाला.

आता विचारायला बसा, आणि सगळं एका दमात सांगा. आमच्याकडे साधारण असं टाइप करतात: ‘महाराष्ट्रातल्या महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज लिहायचा आहे. केंद्र सरकारचे नव्हे, महाराष्ट्राचे नियम लागू आहेत. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. खालच्या चार कागदांच्या प्रती मागायच्या आहेत. तक्रार, कारण किंवा आरोप लिहू नकोस. नाव-पत्त्याची जागा कोरी ठेव. काही कमी पडत असेल तर अर्ज लिहिण्याआधी मला विचार.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते असलं की तो अंदाज बांधण्याऐवजी प्रश्न विचारतो, आणि त्याच्या प्रश्नांतून आपलं काय राहिलंय ते आपल्यालाच दिसतं.

महाराष्ट्राचा उल्लेख मी मुद्दाम करायला सांगतो, कारण यात मी स्वतः फसलो आहे. पहिल्यांदा चॅटबॉटची मदत घेतली तेव्हा त्याने ठामपणे सांगितलं होतं की अर्जाला पाचशे शब्दांची मर्यादा आहे. मी नऊ प्रश्नांचा अर्ज दिला आणि तो एका विषयाच्या आणि दीडशे शब्दांच्या नियमावर बोट ठेवून परत आला. पाचशेची मर्यादा केंद्राच्या २०१२ च्या नियमांतली आहे. आपल्या राज्याच्या नियमांत त्याच वर्षी दुरुस्ती होऊन एक विषय आणि साधारण दीडशे शब्द असं ठरलं. शुल्काचंही तसंच आहे. अर्जाला दोन्हीकडे दहा रुपये, पण पहिल्या अपिलाला केंद्रात शुल्क नाही आणि महाराष्ट्रात वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. इंटरनेटवर केंद्राच्या नियमांबद्दलचा मजकूर जास्त, म्हणून उत्तरही तिकडेच झुकतं. त्यामुळे आकडा, मुदत, कलम आणि शुल्क या चार गोष्टी चॅटबॉटच्या उत्तरातून थेट अर्जात उतरवू नका. त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मूळ नियम उघडून एकेक पडताळा.

कायद्यात बदल झालेला असतो आणि चॅटबॉटची माहिती जुनी असते, असंही होतं. वैयक्तिक माहिती नाकारण्याची कलम ८(१) मधली तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये बदलली आणि आधीपेक्षा बरीच कडक झाली. कुणा कर्मचाऱ्याची किंवा लाभार्थ्याची माहिती मागायची असेल तर तारीख सांगून विचारा, आणि उत्तरातलं कलम आजच्या मजकुराशी ताडून पाहा.

शासन निर्णयाचा क्रमांक आला तर अधिक जपा. एका काकूंच्या अर्जात विभाग, क्रमांक, दिनांक सगळं अगदी पद्धतशीर होतं, आणि तसा शासन निर्णयच नव्हता. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी, सही-शिक्क्याच्या वर, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं आणि त्याचा संकेतांक अमुक असल्याचं वाक्य असतं. तो संकेतांक टाकून कागद उघडला तरच उल्लेख करायचा. नाही सापडला तर ओळ खोडा, अर्जाचं काही बिघडत नाही. ‘नक्की का?’ असं चॅटबॉटलाच विचारून खात्री करू नका. जोर देऊन विचारलं की तो कधी बरोबर उत्तरही मागे घेतो आणि कधी चुकलेलंच पुन्हा रेटतो.

आता जपण्याच्या गोष्टी, आणि यात मला जराही ढिलाई चालत नाही. चॅटबॉटला तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, आधार यांपैकी काहीही लागत नाही. नाव-पत्ता शेवटी, छापलेल्या कागदावर पेनाने लिहायचा. कार्यालयाच्या पत्राचा किंवा सातबाऱ्याचा फोटो द्यायचा असेल तर नावं आणि गट क्रमांक कागदाच्या पट्टीने झाकून मग फोटो काढा. ज्याने तुम्हाला आतली गोष्ट सांगितली त्याचं नाव तर चॅटमध्ये मुळीच नको. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. गावात राहून माहिती मागणाऱ्या माणसाने दुसऱ्याची सुरक्षितता आधी पाहावी, असं मला मनापासून वाटतं. ठेकेदाराचं नावही ‘ठेकेदार’ एवढंच ठेवा. आदेशाच्या प्रतीत ते येणारच आहे.

सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या गप्पा प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करा, किंवा तात्पुरत्या चॅटची सोय वापरा. चॅटची लिंक व्हॉट्सॲपवर फिरवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. २०२५ मध्ये लोकांनी शेअर केलेल्या चॅटजीपीटीच्या काही गप्पा गूगलच्या शोधात दिसू लागल्या होत्या, आणि मग कंपनीला गप्पा शोधात दिसू देण्याची सोय काढून घ्यावी लागली. ॲप घेताना बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचा, कारण तशाच चिन्हाची भलतीच ॲप पुष्कळ आहेत. अर्ज भरून देतो म्हणून कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मजकूर हातात आला की मोठ्याने वाचा. ‘आवेदन’, ‘प्रदान करावी’, ‘संबंधित दस्तावेज’ असे हिंदी वळणाचे शब्द दिसतील. ते काढून अर्ज, द्यावी, कागदपत्रं असं सरळ लिहा. भाषेचा हट्ट म्हणून हे सांगत नाही. जे वाक्य तुम्हाला वाचताना अडतं ते सुनावणीच्या वेळी तुम्हाला समजावूनही सांगता येत नाही, आणि अपिलाच्या सुनावणीला चॅटबॉट नाही, तुम्ही जाणार आहात. शब्द मोजा. माहिती का हवी हे त्याने घातलं असेल तर काढा. कलम ६(२) प्रमाणे कारण द्यावं लागत नाही. राज्याच्या ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे जोडपत्र ‘अ’ मध्ये, मजकूर बसवा आणि मग सही करा.

दोन प्रती काढा. एकीवर कोर्ट फी स्टँप लावून आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीस दिवसांनंतरच्या तारखेला गोल करा. त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं. त्यासाठी चॅटबॉटवर नवी चॅट उघडा आणि अर्जाचा मजकूर त्यात पुन्हा नाव-पत्त्याशिवाय टाका.